मामांची फुंकर

"मामा, या स्फटिकात कुणाचा तरी श्वास सापडलाय," मॅडम म्हणाल्या आणि मामांचा चहा ओठांपाशीच थांबला.

दिवसही नेमका निवृत्तीचा. मामा प्रयोगशाळेचे काचकारागीर. ज्योतीवर काच मऊ करायची, दातांत रबरी नळी धरून फुंकायचं आणि हवा तो आकार काढायचा, यात सगळी उमर गेली. हल्ली फुफ्फुसं कुरकुरू लागली होती. डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं होतं आणि त्यांच्यापेक्षा दहापट जोरात बायकोने.

मॅडम तिथल्या शास्त्रज्ञ, त्यांचा जीव फुलरीनमध्ये अडकलेला. फुलरीन म्हणजे साठ कार्बन अणूंचा पोकळ चेंडू, हुबेहूब फुटबॉल. त्याची काळी पूड नळीत भरायची, पंपाने हवा ओढून घ्यायची, काच वितळवून तोंड बंद करायचं आणि नळी भट्टीत ठेवायची. मग गार टोकाला चकचकीत स्फटिक धरतात. ते निर्भेळच असायला हवेत, नाहीतर पुढचं मोजमाप फुकट.

"संत्र्यांची रास आठवा," मॅडम म्हणाल्या. "कितीही नीट रचली तरी मध्ये फटी राहतातच ना? तशा या चेंडूंच्या मधल्या फटींत कार्बन डायऑक्साइड जाऊन बसलाय. एकेका फटीत एकेक रेणू, मस्त ऐसपैस!"

मामांनी कप खाली ठेवला. सगळं लख्ख आठवलं.

"माझाच आहे तो, मॅडम. बंद करून नळी पंपावरून उतरवली, तर टोक चपटं दिसलं. मला चपटं टोक बघवत नाही. परत तापवून उघडलं, हलकी फुंकर मारली आणि गोल करून बंद केलं. हात सवयीनं चालला, डोकं चाललंच नाही."

"टोक देखणं होतं मात्र!" मॅडम खळखळून हसल्या.

मामांना हसू येईना. इतकी वर्षं एकाही नळीला नावं ठेवू दिली नाहीत आणि जाता जाता माती खाल्ली. निरोपाच्या भाषणात लोक कौतुक करणार आणि आपण मान खाली घालून ऐकणार, या विचाराने त्यांचा जीव कासावीस झाला.

"संध्याकाळच्या आत नवी नळी देतो," ते उठलेच.

"आणि डॉक्टर?"

"फुंकायचं नाहीच आहे. तिथंच तर सगळी परीक्षा आहे."

बायको निरोपसमारंभाला आली ती तासभर आधीच. इतक्या वर्षांत नवऱ्याचं काम तिने कधी पाहिलं नव्हतं. ती दारातच थबकली. पंप घरघरत होता, निळी ज्योत काचेच्या मानेभोवती फिरत होती. मान मऊ झाली, आतल्या पोकळीने ओढली गेली आणि चिमटली. एकदम नकटी. मामांचे ओठ आपोआप चंबू झाले.

"अहो, तोंड मिटा!" दारातून आवाज आला.

सगळी प्रयोगशाळा हसली. मामांनी ओठ घट्ट मिटले, नळी तशीच बंद केली आणि मगच पंपावरून उतरवली.

"घ्या. माझ्या जन्मातली सगळ्यात कुरूप नळी," ते म्हणाले आणि आता कुठे मनापासून हसले. छातीवरचं ओझं उतरलं होतं.

मॅडमनी बायकोला सगळी हकिकत सांगितली आणि तो आधीचा स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तिने डोळा लावला. काळ्या आरशाचा तुकडा असावा तसा तो झळकत होता.

"बरं आहे! घरी दोन शब्द बोलायचे तर यांना दम लागतो," ती म्हणाली, "आणि इथे साठवून ठेवलाय होय!"

"अगं, चुकून राहिला तो," मामा पुटपुटले.

तिने डोळा काढला नाही. तसंच बघत हळूच विचारलं, "किती दिवस राहील हो तो आत?"

"तापवला तर लगेच निघून जाईल," मॅडम म्हणाल्या. "नाही तापवला, तर आपल्या सगळ्यांच्या नंतरही राहील."

"मग तापवू नका."

"नाही तापवणार."

बाहेर मंडळी टाळ्या वाजवत मामांना सभागृहाकडे घेऊन निघाली. बायको मागे राहिली. मॅडमनी स्फटिक काचेच्या डबीत घालून दिला. तिने तो भट्टीपासून सगळ्यात लांबच्या कपाटात ठेवला आणि दार नीट लागलंय ना, ते दोनदा ओढून पाहिलं.