माझं भोपळ्याचं पान

मित्रांनो, मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. माझं एक पान फाडलेलं आहे. हळहळू नका. ते फाडलं म्हणूनच हैतीतल्या आमच्या डोंगरगावात त्या वर्षी सूप शिजलं.

माझा जन्म साबणाच्या खोक्यांतून झाला. बाहेरून भेट आलेल्या गुळगुळीत पुस्तकांत सफरचंदं होती, स्ट्रॉबेऱ्या होत्या. आमच्या पोरांनी त्या कधी चाखल्याही नव्हत्या. आमच्या शाळेच्या इलियानबाई भडकल्या. त्यांनी खोके कापले, मुलांकडून तूर, मका, लाल भोपळा यांची चित्रं काढून घेतली आणि प्रत्येक चित्राखाली कापडी पिशवी शिवून त्यात त्याचंच बी भरलं. मुलं बी काढायची, शाळेमागच्या वाफ्यात लावायची, पीक आलं की नवं बी भरायची. माझ्यावर चिखलाची बोटं उमटायची. काय ते दिवस!

मग शहरातून पाहुणे आले, त्यांनी माझं कौतुक केलं आणि माझा घात झाला. मुख्याध्यापक देझिलुस सरांनी पिशव्यांची तोंडं डिंकानं चिकटवली आणि मला काचेच्या कपाटात कोंडलं. वर पाटी: 'हात लावू नका.' ज्या पुस्तकाला मूल हात लावत नाही ते कसलं पुस्तक? मढं ते!

ऑगस्टात वादळ आलं. वाफा वाहून गेला, घराघरांत टांगलेलं बियाणंही गेलं. खालच्या बाजारातही मिळेना. आणि एक जानेवारीला, स्वातंत्र्याच्या दिवशी, आमच्याकडे भोपळ्याचं सूप हवंच. आमच्या खापरपणज्या गुलाम होत्या. त्यांनी ते शिजवायचं आणि मालकांनी प्यायचं. स्वतंत्र झाल्यावर त्यांनी ते स्वतः प्यायलं, म्हणून ते चुकवायचं नाही.

विदलीन नावाची मुलगी कपाटाला नाक लावून ओरडली, "बाई, यात आहे की बी!"

"ते पुस्तक आहे, बियाणं नाही!" देझिलुस सर धावत आले. "फाडलंत तर पाहुण्यांना काय दाखवू?"

"रिकामी वाटी दाखवा," इलियानबाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाट उघडलं.

डिंक सुटेना. विदलीननं पानच ओढलं. टर्र! दुखलं? छे! किती दिवसांनी कुणीतरी हात लावला होता.

काही बिया कुजल्या होत्या. उरलेल्या हट्टानं उगवल्या. वेल शाळेच्या पडक्या भिंतीवर चढला, आणि एक जानेवारीला अंगणात पातेलं रटरटलं. देझिलुस सरही वाटी घेऊन रांगेत आले. सूप वाढायचा डाव विदलीनच्या हातात होता.

"सर, हात लावू नका हं," ती म्हणाली. "पुस्तक आहे ते!"

सगळं अंगण हसलं. सरांचे कान तापले, पण वाटी काही मागे गेली नाही. विदलीननं ती काठोकाठ भरली.

आता मला नवं पान शिवलंय, उघड्या तोंडाच्या पिशवीचं. त्यात त्याच भोपळ्याचं बी आहे. मित्रांनो, मला जपा म्हणून मी हात जोडणार नाही. मळक्या हातांनी या. आणि कुणी मला पुन्हा कपाटात ठेवायला आलं, तर आधी माझ्यातलं बी काढून मातीत लावा. मग खुशाल ठेवू द्या त्याला खोकं.