कच्ची नोंद

पडद्यावरचा आकडा वाढायला लागला तशी इरम्मा खुर्चीत पुढं सरकली.

‘थांबलेले’ असं नाव दिलेल्या त्या चौकटीत एरवी शून्य असायचं, फार तर एक. आता तिथं अकरा होते, आणि तिनं चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवेपर्यंत चौदा झाले.

येरमाळ्याची चैत्री यात्रा भरली होती. येडेश्वरीची पालखी देवळातून निघून आमराईच्या वाटेला लागली होती आणि तिच्यामागं सगळं माणूस लोटलं होतं. हायवेच्या कडेला एका सेवा मंडळाची पत्र्याची शेड होती. आत दोन टेबलं, एक कूलर आणि ज्याच्यावर सगळ्याची मदार होती तो काळा सर्व्हर. यात्रेत ठिकठिकाणी मंडळाची ‘हरवले-सापडले’ काउंटरं होती. चुकलेल्या माणसाची नोंद कुठंही झाली तरी ती वायरनं या सर्व्हरमधल्या डेटाबेसमध्ये यायची, आणि कुठल्याही काउंटरवरून ती शोधता यायची.

पूर्वी यातलं काही नव्हतं. एक कर्णा होता आणि कर्ण्यावर बसून घसा फोडणारा एक माणूस. चुकलेली पोरं लिंबाखाली एका ओळीत बसून गूळ-फुटाणे खात रडायची आणि ज्याचं त्याचं माणूस येऊन ज्याला त्याला घेऊन जायचं. तेव्हा यात्राही तेवढीच होती. गेल्या वर्षी मात्र एक म्हातारी दिवसभर सापडली नाही, तेव्हा मंडळ चालवणारा भाचा उमाशंकर उमरग्याला इरम्माच्या घरी येऊन बसला. “मामी, जन्मभर सोलापुरात बँकेचे डेटाबेस सांभाळलेत. आता देवीसाठी एवढं करा.” इरम्मानं केलं. निवृत्त होऊनही हात विसरले नव्हते.

“मॅडम, अडकलंय बघा!” देवळाजवळच्या काउंटरवरचा एक माणूस धापा टाकत शेडमध्ये आला. मोबाईलला रेंज मिळत नव्हती, गर्दीनं टॉवर गिळला होता. “शोधाय गेलं की नुसतं गोल गोल फिरतंय. माणसं अंगावर याय लागलीत.”

“बघते. तुम्ही जागेवर जा.”

तो वळतो न वळतो तोच दारात पार्वतम्मा उभी राहिली. इरम्माची नणंद. तिचं तोंड पाहूनच इरम्मानं माऊस सोडला.

“वैनी, अण्णा हिकडं आले का?”

“तुमच्यापाशी सोडलं होतं ना मी त्यांना?”

“व्हय वो. हात धरूनच हुभी होते. पालखी म्होरनं गेली, म्या हात जोडले, डोळे मिटले. उघडले तर न्हायतच.” पार्वतम्मा मटकन खाली बसली. “देवीला हात जोडाय त्यांचा हात सोडला वो म्या.”

वीरप्पा मास्तर, इरम्माचा नवरा. उमरग्याच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवलेला माणूस. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग घराची वाट. उन्हाचं कळत नव्हतं, तहान लागल्याचं कळत नव्हतं. आणि बाहेर चैत्राचं ऊन असं होतं की पत्र्याला हात लागला तर फोड यावा.

इरम्मानं शोधाच्या खिडकीत त्यांचं नाव टाकलं. पडद्यावरचा गोल फिरायला लागला. फिरतच राहिला. ‘थांबलेले’ आता एकोणीस झाले होते, आणि त्यातली एक ती स्वतः होती.

एवढ्यात बेंबळीची भिमाबाई आत घुसली. सकाळपासून ही तिची तिसरी फेरी. तीन वर्षांची नात, प्रीती, तिच्या काखेतून उतरून कुठं गेली ते कळलं नव्हतं. “सापडली का वो बाई? बघा की परत एकदा. सकाळधरनं ह्या डबड्याकडं बघत बसलाव तुमी, त्यो देवीचा फोटू तरी ठिवा तितं, म्हंजे बघितल्याचं पुण्य तरी लागंल!”

इरम्मानं सर्व्हरची नाडी तपासली. प्रोसेसर निवांत. मेमरी मोकळी. डिस्क गप्प. यानंच तिला जास्त भीती वाटली. मशीन कामानं दमलं असेल तर त्याला औषध असतं, इंडेक्स असतो, शोधाची आज्ञा सुधारता येते. पण मशीन रिकामं बसलेलं आणि माणसं मात्र खोळंबलेली, याचा अर्थ एकच. कुणीतरी नळाखाली घागर लावून गप्पा मारायला गेलं आहे आणि मागं सगळी रांग तिष्ठत उभी आहे.

तिनं रांग उलटी मोजत नेली. हा त्याच्यासाठी थांबलाय, तो आणखी कुणासाठी. सगळे धागे एकाच जागी जाऊन थांबले: काउंटर आमराई, लिहिणारा बलभीम. नोंदीचं पहिलं पान भरलेलं, दुसरं उघडं, ‘जतन’ दाबलेलं नाही. पुढं काहीच हालचाल नाही.

तिला लख्ख कळलं. आमराईच्या वाटेवर चुन्याचं रान लागतं. पालखी तिथं आली की माणसं हातातलं काम टाकून रानात उतरतात, चुनखडीचे खडे वेचतात आणि ढिगावर नेऊन टाकतात. तेवढ्या वेळात कुणी हॉटेलात चहा देत नाही की दुकानात वजन करत नाही. बलभीम येरमाळ्याचा कापडवाला, दरवर्षी न चुकता खडे वेचणारा. तोही अर्धी नोंद तशीच सोडून उठला असणार. आणि ती अर्धी नोंद पुरी होत नाही तोवर तिच्यावरून पुढं कुणाला जाता येत नव्हतं. शोधणाऱ्यालाही नाही, नवी नोंद लिहिणाऱ्यालाही नाही, कारण लिहिण्याआधी तो माणूस पूर्वी नोंदला आहे का ते बघावं लागायचं. अशी रखडलेली नोंद आपोआप तुटावी अशी सोय असते. इरम्मानंच ती काढून ठेवली होती. हरवलेली माणसं अडखळत सांगतात, त्यांना घाई नको म्हणून.

उपाय सोपा होता. एक आज्ञा, आणि बलभीमचं कनेक्शन तुटेल. रांग मोकळी होईल. पण अर्धी नोंद मात्र कधी लिहिलीच नव्हती अशी पुसली जाईल.

आणि ती वीरप्पांची असली तर?

डेटाबेसला एक आडवाट असते. पुरी न झालेली, कच्ची नोंद बाहेरून डोकावून वाचता येते. सोलापुरात हाताखालच्या पोरांना इरम्मानं या वाटेनं कधी जाऊ दिलं नव्हतं. पुरं होईस्तोवर ते लिहिलेलंच नाही, असं समजायचं, असा तिचा दंडक होता. आज तिनं दाराकडं पाहिलं, जणू कुणी बघतंय, आणि कच्चं वाचायची आज्ञा टाइप केली.

ओळ उमटली.

हरवलेल्या व्यक्तीचं नाव: इरम्मा. वय: चोवीस. वर्णन: हिरवं इरकल लुगडं, नवं. खबर देणारा: नवरा. त्यांना काउंटरवर बसवून ठेवलं आहे.

इरम्मानं ती ओळ परत एकदा वाचली.

लग्नाच्या साली ती दोघं या यात्रेला आली होती, ट्रकच्या टपावर बसून. हिरवं इरकल तिच्या आईनं घेतलेलं. चुन्याच्या रानात खडे वेचता वेचता तिची आणि त्यांची चुकामूक झाली. मग कर्ण्यावरून हाक आली होती, “उमरग्याच्या ड्रॉइंग मास्तरांच्या घरचं माणूस जिथं असंल तिथनं लिंबाखाली या!” सगळा लिंब हसला होता. कारण मास्तरांना चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची लाज वाटली आणि कर्णेवाल्यानं कितीही खोदून विचारलं तरी त्यांनी ते सांगितलं नाही. पुढं सगळ्या संसारात त्यांनी तिला “अगं” म्हणूनच हाक मारली.

आज त्यांनी नाव सांगितलं होतं. त्यांच्या लेखी ती अजून रानातच हरवलेली होती.

“वैनी, काय दिसलं?”

“आमराईत आहेत. काउंटरवर बसलेत. तुम्ही निघा, पळा.”

पार्वतम्मा उठून निघाली खरी, पण तिच्या गुडघ्यांना ती गर्दी किती वेळात पार होणार हे इरम्माला दिसत होतं. हात आज्ञेवर आणि डोळे आकड्यावर, अशी ती बसली. एकतीस.

आमराईच्या काउंटरवर मास्तरांसमोर लॅपटॉप उघडा असेल. पडद्यावर तिचं नाव असेल. म्हणूनच ते बसून राहिले असतील, नावाची राखण करत. इथून कनेक्शन तोडलं की तिथलं पान पांढरं पडणार. आणि अलीकडं डोळ्यांसमोरून एखादी वस्तू नाहीशी झाली की ते काय करतात हे ती रोज बघत होती. चष्मा उचलून ठेवला तरी ते उठायचे आणि दार उघडून रस्त्यावर शोधत सुटायचे.

पार्वतम्मा पोचेपर्यंत थांबावं. एवढंच. थोडा वेळ.

“बाई,” भिमाबाईचा आवाज आता बसला होता. तिनं टेबलाची कड धरली होती. “विहीर हाय वो तिकडं रानात. उघडी विहीर हाय.”

इरम्मानं तिच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. थांबलेले, सदतीस. त्यात एखाद्या काउंटरवर नात बसलेली असेल आणि लिहिणाऱ्याला लिहिता येत नसेल. तिनं डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर बोट हललं नसतं. तिनं कनेक्शन तोडलं.

आकडा सदतीसचा नऊ झाला, मग दोन, मग शून्य. तुंबलेल्या नोंदी धडाधड आत आल्या. तिनं मास्तरांचं नाव शोधलं, कुठंच नव्हतं. प्रीती मात्र होती: बसस्टँडजवळचं काउंटर, पायात चांदीचे वाळे, नाव ‘पीती’ सांगते. भिमाबाईला तिनं हातानं दिशा दाखवली. त्या बाईनं काय आशीर्वाद दिले ते ऐकायला ती थांबली नाही. शेड उघडी टाकून ती पळत सुटली.

पासष्टीच्या बाईनं जसं पळावं तसं ती पळाली. चुन्याच्या रानाशी येऊन तिचे पाय थबकले. नजर जाईल तिथपर्यंत माणसंच माणसं, आणि सगळी वाकलेली. एकाचंही तोंड दिसत नव्हतं. पांढऱ्या सदऱ्यांच्या पाठी, पाठीच पाठी, काळ्या रानात खडे वेचणाऱ्या. यातली कुठलीही त्यांची असू शकत होती. “आई राजा उदो उदो!” आवाज उठला, आणि तिनं मारलेली हाक त्यात बुडाली.

आमराईच्या काउंटरवरची खुर्ची रिकामी होती. लॅपटॉपचं पान पांढरं. पार्वतम्मा अजून पोचलीच नव्हती. बलभीम टॉवेलात खडे घेऊन घाम पुसत परत येत होता.

“मॅडम? तुम्ही कशाला आला उन्हातान्हाचं? दोन मिनिटं बी न्हाय झाली, खडे वेचून आलो.”

“म्हातारे गृहस्थ कुठं आहेत?”

“हे काय, हितंच तर...” त्यानं खुर्चीकडं पाहिलं. “बसा म्हणलं होतं त्यास्नी. नवी नवरी हरवली म्हणत होते. मला वाटलं नातसून असंल.”

तिला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं. पण त्याला वेळ नव्हता. ती रानाच्या कडेनं परत फिरली, एकेका वाकलेल्या माणसाच्या समोर जाऊन तोंड बघत. तेवढ्यात डावीकडं गलका ऐकू आला.

“ओ म्हातारबा! बायांच्या तोंडाकडं काय बघत हिंडताव?”

“हिरवं लुगडं दिसलं की पदर वडतंय! माझ्या सुनंचा पदर वडला यानं!”

चारपाच गडी घोळका करून उभे होते. मध्ये वीरप्पा. एकानं त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली होती, दुसऱ्याचा हात वर गेला होता. मास्तरांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. ते घरच्या कानडीत काहीतरी पुटपुटत होते आणि कुणाला ते कळत नव्हतं.

“सोडा!” इरम्मा आत घुसली. “सोडा त्यांना, माझे मिस्टर आहेत ते! आजारी आहेत. हात उचलला तर आधी माझ्यावर उचला!”

वर गेलेला हात खाली आला. “मग सांभाळाया यीना का तुमाला?” कुणीतरी पुटपुटलं, पण कॉलर सुटली आणि घोळका पांगला. एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली. इरम्मानं ती मास्तरांच्या ओठांना लावली. ते पीत राहिले, पाणी छातीवर सांडत राहिलं.

पिऊन झाल्यावर त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत, नुसता आदर होता, परक्या बाईबद्दल असावा तसा.

“तुम्ही काउंटरवरच्या का?” त्यांनी विचारलं. “बरं झालं आलात. नाव पुसलं हो तुमच्या मशीननं. मी बघत होतो, डोळ्यांदेखत गेलं. परत लिहा. इरम्मा. इरम्मा वीरप्पा.”

“अहो, मीच की ती,” ती म्हणाली. “माझ्याकडं बघा.”

त्यांनी बघितलं. मान हलवली. “तसं नका करू, बाई. चेष्टेची वेळ न्हाय ही. ती लहान हाय, इथलं तिला काय ठाऊक न्हाय.”

नाव पुसणारं बोट तिचंच होतं, आणि कुठल्याही नोंदीत न जाता हा माणूस आज या रानात मेला असता.

“लिहिते,” शेवटी ती म्हणाली. “चला, सावलीत बसून लिहू.”

त्यांनी तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

“ती सापडेस्तोवर तुम्ही जाऊ नका. मला लई भ्या वाटतंय.”

“मलाही,” इरम्मा म्हणाली, आणि पदर त्यांच्या मुठीत तसाच ठेवून वाकलेल्या पाठींमधून वाट काढू लागली.