होडीत जागा होती

२००५च्या जुलैतला रविवार. श्रीरंगच्या वाडीतला पाण्याचा पंप गेला. कुणी शोधाशोध केली नाही. गावात काही गेलं की कातकरी पाड्यावरच्या पांडूला धरायचं, अशी रीतच होती. शिपाई आले, त्याला नदीकाठच्या चौकीत घेऊन गेले.

"त्यानी नाय नेला, बाय," पांडूची बायको कृष्णाबाई अंगणातूनच श्रीरंगच्या बायकोला, मनोरमाला म्हणाली. ओटीवर कृष्णाबाईला कुणी बोलावलं नाही.

सोमवारी पंप सापडला. श्रीरंगच्या पुतण्यानेच दुरुस्तीला नेला होता.

"अहो, चौकीत कळवा. सुटेल बिचारा," मनोरमा नवऱ्याला म्हणाली.

"उद्या बघू. एवढ्या पावसात कोण जातंय? आयतं खातोय की तिथे!"

सगळे हसले. मनोरमाही हसली.

(हे वाक्य पुन्हा वाचा. मनोरमाही हसली.)

मंगळवारी तानसा नदी गावात शिरली. तुंगारेश्वरच्या जंगलातून साप, ससे, भेकराचं एक पाडस वाहत आलं. गावातल्या व्हॅलेरियनने आपली मासेमारीची होडी काढली. श्रीरंग चढला.

"आधी चौकीवर जा!" मनोरमा ओरडली.

"तिकडं शिपाय हायत, बाय. या मुक्या जनावराला कोन हाय?" व्हॅलेरियन म्हणाला.

पाडस वाचलं. श्रीरंगने ते छातीशी धरलं. फोटो निघाला.

चौकी.

शिपाई कौलांवर. किल्ल्या खाली, पाण्यात.

कोठडीत पाणी कमरेला.

पाणी छातीला.

खिडकीच्या गजांवर एक धामण चढली. पांडूने अंग चोरून तिला जागा दिली.

पाणी गळ्याला. धामण गजांतून निघून गेली.

पांडू गजांतून जाईना.

पुढच्या आठवड्यात श्रीरंगचा सत्कार ठरला. फलकावर लिहिलं होतं, 'मुक्या जिवाला जीवदान'. ओवाळायला मनोरमाला बोलावलं. तिने ताट खाली ठेवलं.

"मी नाही ओवाळणार. पंप आमच्याच घरातला माणूस घेऊन गेला होता. आम्हांला सोमवारीच कळलं होतं. तेव्हा मीही हसले."

"घरी चल आधी," श्रीरंग दात खाऊन पुटपुटला.

"नाही. चौकीत जाऊन सगळं लिहून देणार आहे."

मांडवाबाहेर, चिखलात, कृष्णाबाई उभी होती.

"होडीत जागा नव्हती का, बाय?" तिने विचारलं.

व्हॅलेरियनने मान खाली घातली.

"होती," मनोरमा म्हणाली.

कृष्णाबाईने चौकीची वाट धरली. मनोरमा तिच्या मागून निघाली.

मांडवातल्या खुर्च्यांवर आपणच बसलो होतो. कुणी उठलं नाही.