टाळी देणारा हात

या, अशा जवळ सरका. बुवा अजून हातपाय धुताहेत, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगते. माझ्याच घरची, तीन वर्षांपूर्वीची, छत्तीस सालातली. आणि तिच्यात चुकलेली मीच आहे.

माझी सून मालिनी. तिची पहिली मुलगी नवव्या दिवशी कुशीतच गेली. पाजता पाजता मालिनीचा डोळा लागला होता. मुलगी अंगाखाली सापडली की आपोआप गेली, देव जाणे. पण मी बोलून बसले, "आई असून झोप लागली कशी ग तुला?"

दीड वर्षानं मुलगा झाला आणि मालिनीची झोपच उडाली. डोळा मिटला रे मिटला की दचकून बाळाच्या नाकाशी बोट धरायची. तीन आठवड्यांत दूध आटत आलं. बाळ चोखून चोखून रडायचं. जायफळ झालं, काढे झाले. शेवटी बांगड्या भरणारी गुलजारबी म्हणाली, "ते उपेंद्र डॉक्टर मोहिनीविद्येनं झोपवतात. आमच्या कादरला झोपवलं. आता तो घोरतो नि मी जागी!"

"परक्या पुरुषानं सुनेला मोहिनी घालायची?"

"मग तुम्ही बसा की शेजारी. पोर उपाशी मरतंय, सावित्रीबाई."

डॉक्टर दुपारी आले. मालिनीला आडवं केलं, बाळ शेजारी. फुलपात्र उन्हात धरून म्हणाले, "या चकाकीकडे बघा. पापण्या जड होताहेत. सगळी काळजी सोडून द्या..."

मालिनी ताडकन उठली. "नाही सोडणार!"

तीनदा असंच झालं. बाळाचा आवाजही बारीक होत चालला होता. डॉक्टर घामाघूम. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज या झोपल्या नाहीत, तर दोघांचंही कठीण आहे."

चौथ्या खेपेला तिचे डोळे मिटत आले, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "कोण झोपू देत नाही तुम्हाला?"

मालिनीच्या तोंडून माझा आवाज आला. माझाच ठसका. "आई असून झोप लागली कशी ग तुला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या उशाशी सरकले. "मालू, ते मी बोलले. चुकीचं बोलले. नऊ दिवसांची बाळंतीण तू, झोप लागणारच. नीज आता. मी जागी आहे."

"तुम्ही?" डोळे मिटलेलेच, पण ओठ हलले. "तुम्ही तर कीर्तनात पेंगता."

खरंच पेंगते हो मी! "पण हात टाळी देत राहतो ना? चुकतो का कधी?"

"नाही."

डॉक्टरांनी तेवढंच धरलं. फुलपात्र खाली ठेवलं. मला म्हणाले, "द्या टाळी. हळू." आणि तिला, "काळजी सोडायची नाही. ती हातात ठेवा. तुम्ही झोपाल, तुमचा हात जागा राहील. बाळावर."

तिनं हात बाळाच्या छातीवर ठेवला. मी भजनाचा ठेका धरला. तिचा श्वास लांबला. पापणी हलेना. आणि झोपेतच ती बाळाकडे कलली.

मी झेपावणार, तोच डॉक्टर कुजबुजले, "थांबा!" बाळाच्या छातीवरचा तिचा हात ताठरला, कोपर दोघांच्या मध्ये रोवलं गेलं आणि मालिनी परत उताणी झाली. बोटं बाळाला थोपटू लागली. माझ्याच ठेक्यावर!

दिवेलागणीला बाळ कुरकुरलं. आधी तिचा हात हलला, मग डोळे उघडले. चोळी भिजली होती. बाळ घटाघटा प्यायलं. मी टाळी थांबवली, तेव्हा तळवे लालबुंद होते. पुढं कितीतरी दिवस ती निजली की मी शेजारी बसायचे. आणि पेंगले नाही हो.

बुवा उभे राहिले बघा. एकच मागणं आहे. आज गजर होईल तेव्हा एक टाळी त्या पहिल्या मुलीसाठी द्या. बारशाआधीच गेली, म्हणून नाव नाही तिला. मालिनीची थोरली, एवढं मनात आणलंत तरी पुरे.