खाडीकडची खोली

नौदलाच्या तळावरच्या लॉजच्या काउंटरवर पोहोचेपर्यंत हार्लन प्रुइटला घाम फुटला होता, आणि तो फ्लोरिडाच्या उन्हाने नव्हे. उद्या सकाळी कोरिनचं जहाज परत येणार होतं. सात महिन्यांनी पोरगी घरी येणार, आणि बापाला तिसऱ्या मजल्यावरची, खाडीकडे गॅलरी असलेली खोली हवी म्हणजे हवीच होती. जहाज तळात शिरताना त्या गॅलरीच्या अगदी समोरून जातं.

हार्लनने नौदलात वीस वर्षं झेंडे हलवून निरोप पाठवण्याचं काम केलं होतं. आता ते काम करणारी जमातच उरली नाही. पण कोरिन पाच वर्षांची असताना त्याने परसात तिला स्वयंपाकघरातले रुमाल देऊन सगळी अक्षरं शिकवली होती. आई जेवायला हाक मारायची, तर कार्टी तोंडाने ओ द्यायची नाही. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे पसरायची. म्हणजे, निरोप मिळाला.

हार्लनचं जहाज परत यायचं तेव्हा ती धक्क्यावर आईच्या खांद्यावर बसून रुमाल हलवत राहायची. हार्लन वर कठड्याशी, पांढऱ्या कपड्यांच्या रांगेत. बंदरात शिरताना त्या रांगेने पापणीही हलवायची नसते. त्याला सगळं वाचता यायचं, आणि उत्तर एकदाही देता आलं नाही. आता पाळी उलटली होती. जाताना त्याने कोरिनला सांगून ठेवलं होतं, परत येशील तेव्हा लॉजच्या गॅलरीत बघ. धक्क्यावरच्या गर्दीत, शस्त्रक्रियेने बदललेल्या खुब्यावर तासन्‌तास उभं राहणं त्याच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

पण लॉजचा कायदा साधा आहे: आधी नोकरीतले, मग उरलंसुरलं निवृत्तांना. दुपारी हार्लन आणि त्याची बायको व्हर्ना यांची ठरलेली खोली बदलीवर आलेल्या एका कुटुंबाला गेली. हार्लनला ते पटलं. तोही कधीकाळी असाच तान्हं बाळ घेऊन आला होता. संध्याकाळी काउंटरवरच्या योलांडाने सांगितलं की दोन खोल्या सुटल्या आहेत. एक खाडीकडची, दुसरी पार्किंगकडची, बर्फाच्या मशीनच्या डोक्यावर. काउंटरवर जो ओळखपत्र आधी ठेवील, तो आधी निवडील.

हार्लनने खिसा चाचपला. ओळखपत्र गाडीत राहिलं होतं. फाटकावर पहारेकऱ्याला दाखवलं आणि सवयीने काचेपाशी टाकलं. त्याच्यामागे गनी ड्युडेक उभा होता, मरीन सैन्यातला निवृत्त सार्जंट, मान रणगाड्याच्या बुरुजाएवढी. खलाशी कुठेही काहीही विसरून येतात, असं तो मोठ्यानेच म्हणाला. व्हर्नाने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो लंगडतच धावत सुटला.

ओळखपत्र मिळालं. परत येताना लॉजचं काचेचं दार सरकून उघडलं, त्याने एक पाय आत टाकला आणि तेवढ्यात बिगुल वाजलं. सूर्य मावळला की तळावर झेंडा उतरतो, आणि बाहेर जो जिथे असेल तो तिथे थांबतो. गाड्यासुद्धा थांबतात. आत असणाऱ्याला मात्र ही सक्ती नाही. हार्लन अर्धा आत होता, अर्धा बाहेर. समोर योलांडा गनीचं ओळखपत्र हातात घेत होती. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर कुणीही नाव ठेवलं नसतं. जीव तळमळत होता, पण वीस वर्षं नौदलात मुरलेलं हाड ऐकेना. त्याने आतला पाय बाहेर घेतला, झेंड्याकडे वळला आणि छातीवर हात ठेवला. दार त्याच्या खांद्याशी येऊन परत सरकत राहिलं.

सूर थांबल्यावर तो आत आला तर गनी काउंटरकडे पाठ करून उभा होता, त्याचाही हात छातीवर. योलांडा ओळखपत्र धरून तशीच थांबलेली.

"आत उभं राहायचा नियम नाही, मला ठाऊक आहे," गनी कुरकुरला. "पण दार सताड उघडं ठेवून हा बाहेर उभा. माझी काय बिशाद होती?"

हार्लन म्हणाला, निवड तुझीच, ओळखपत्र आधी तुझं. मग व्हर्नाला राहवेना. तिने पोरीचं, जहाजाचं, झेंड्यांचं सगळं एका दमात सांगून टाकलं.

गनीने मान खाजवली. "रणगाड्यात झोपलोय मी. बर्फाच्या मशीनला भितो की काय? पण सकाळची कॉफी तुमच्या गॅलरीत. आणि खलाशाच्या हातची नको, बाईसाहेबांच्या हातची."

सकाळी तिघं गॅलरीत. हार्लनने दाढी दोनदा केली होती आणि हातांत आपले दोन जुने झेंडे धरले होते. वळणावरून जहाजाचं नाक दिसलं आणि व्हर्नाने त्याचा दंड असा आवळला की झेंडा सुटता सुटता राहिला. कठडाभर पांढरी रांग. सगळे सारखे, सगळे पुतळ्यासारखे. कोणती आपली, कळेना.

त्याने झेंडे उचलले. हातांना आपलं काम आठवलं. ये पोरी, घर आलं. एकेक अक्षर, खणखणीत. जहाज समोर आलं. रांग हलली नाही.

"बघितलं असेल रे तिने," व्हर्ना म्हणाली.

"हलायचं नसतं," हार्लन म्हणाला. "मीच शिकवलंय." तरीही त्याने निरोप दुसऱ्यांदा पाठवला. त्याला उत्तर हवं होतं, फार हवं होतं, आणि ते येणार नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

गनीने कॉफीचा कप खाली ठेवला. "मागून चौथी. तिकडे बघ."

रांगेतल्या एका पोरीने दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे पसरले होते. डावीकडच्याच्या छातीवर तिचा पंजा आपटला, उजवीकडच्याची टोपी वाकडी झाली. दोघंही बिचारे जागचे हलले नाहीत. ती हात तसेच धरून उभी राहिली.

"शिस्त म्हणून नाही कार्टीला," हार्लन म्हणाला. तो हसत होता आणि डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं होतं. "आता तिचा चीफ तिला सोलून काढणार."

"काढू दे," व्हर्ना म्हणाली. "तू आधी उत्तर दे."

त्याने झेंडे खाली ठेवले आणि रिकामे हात तिच्यासारखेच आडवे पसरले.