ताईचे तीन श्वास

श्राव्य नाटक परत आलंय, असं मला फोनवर एका दिग्दर्शकाने सांगितलं. ते कुठे गेलं होतं, हे मात्र त्याला सांगता येईना. मी अडतीस वर्षं रेडिओच्या नाटकांसाठी आवाज काढले. पावलं, दारं, घोडे, आग, पूर, सगळं. नाटक कुठे गेल्याचं मला तरी कुणी कळवलं नव्हतं. गेले होते ते ऐकणारे, आणि तेच आता परत येऊन आमच्या पाठीवर थाप मारत होते.

त्याला अर्थात मी नको होतो. माझी थोरली बहीण हवी होती. ताई रेडिओची नटी, वय चौऱ्याहत्तर, फुप्फुसं कामातून गेलेली. सलग चार वाक्यं बोलली की पाचव्याच्या आधी बसावं लागतं. सात वर्षं आम्ही दोघं एकाच घरात राहतो, तिची खोली माझ्या खोलीला लागून. तिने संहिता वाचली आणि शेवटच्या प्रवेशावर बोट ठेवलं.

"एवढा एक करते आणि थांबते," ती म्हणाली. "यानंतर काही जमायचं नाही. नीट व्हायला हवा. तू चल बरोबर."

प्रवेश असा होता. म्हातारी आई खुर्चीत बसलीय. मुलगा तिच्याकडे पाठ करून नव्या घराबद्दल बोलतोय. फ्रिज केवढा, खिडक्या किती. तो बोलत असतानाच ती जाते. तिला शब्द एकही नाही, फक्त श्वास. तीन ठरले. तिसऱ्यानंतर तिचा हात सुटतो, खुर्ची करकरते. मुलगा बोलतच असतो, मग वळतो.

स्टुडिओ म्हणजे कपड्यांच्या दुकानावरची एक खोली, भिंतींना काळा स्पंज. दिग्दर्शकाच्या गळ्यात हेडफोन, डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तसा, फक्त हा कुणाला तपासत नव्हता. मुलाचं काम करणारा नट आलाच नव्हता. तो म्हणे आपल्या घरी, कपाटात तोंड घालून, आठवड्यापूर्वीच सगळं रेकॉर्ड करून मोकळा झाला होता. आईला मुलगा एकदाही भेटला नाही. त्याची वाक्यं दिग्दर्शक स्वतः वाचणार होता, आणि ती त्याने किराणा सामानाच्या यादीसारखी वाचली.

मी घरची वेताची खुर्ची टॅक्सीच्या टपावर बांधून नेली होती. तो हसला. "काका, कशाला त्रास घेतलात? आमच्याकडे खुर्चीचे एकशेवीस आवाज आहेत." मी त्यांतले आठ ऐकले. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. एकीतही माणूस बसलेलं नव्हतं. तसं सांगितलं तर तो मोबाइल बघत म्हणाला, "इंटरेस्टिंग."

मग ताईने तो प्रवेश केला. पहिला श्वास थकलेला. दुसरा मुलाकडे वळलेला, काहीतरी म्हणायचं राहिल्यासारखा. तिसरा अगदी बारीक. मी खुर्चीचा हात दाबला, ती करकरली, आणि झालं. खरं सांगतो, मी रडलो. दिग्दर्शक म्हणाला, "नाइस." ताईला सावरायला वीस मिनिटं लागली, पण परतताना टॅक्सीत ती खूश होती.

पंधरा दिवसांनी नमुना ऐकायला आला. मुलगा घराबद्दल बोलतो, फ्रिजबद्दल बोलतो आणि एकदम "आई!" म्हणून टाहो फोडतो. फ्रिजची किंमत ऐकून रडला असावा, असंच कुणालाही वाटेल. ताईचा एकही श्वास नव्हता. नुसती खुर्ची कुठेतरी करकरत होती. मी तो नमुना ताईला ऐकू दिला नाही.

तडक स्टुडिओ गाठला. दिग्दर्शक शांतपणे म्हणाला, "आमचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम श्वास आपोआप काढून टाकतो, काका. शांतताही कापतो. लोक दीडपट वेगाने ऐकतात, मध्ये रिकामं आलं की पुढे ढकलतात."

"अरे, तो श्वास म्हणजेच तिची भूमिका होती! मूळचं काढ."

"मूळ आम्ही ठेवत नाही, जागा खातं. पण सांगा ना, लायब्ररीतला लावू. हा बघा, 'वृद्ध स्त्री, श्वास, बारा'."

बारावी वृद्ध स्त्री बस पकडायला धावत आली होती. मी संतापून बोललो. तुम्हाला कान नाहीत म्हटलं, अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालात म्हटलं, नाटक ऐकून करायचं असतं, कापून नव्हे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तुम्ही करवंट्या आपटून घोडे पळवलेत ना जन्मभर? मग एका श्वासाचं काय एवढं?"

मी तसाच जिना उतरलो. त्या प्रश्नाचा राग अजून आहे.

घरी येऊन ताईला सांगावंच लागलं. एव्हाना ती दिवसभर ऑक्सिजनची नळी लावून होती. पुन्हा करणं शक्य नव्हतं. तिने मला समोर बसवलं. मग म्हणाली, "तूच घे माझे श्वास. सात वर्षं भिंतीपलीकडून ऐकतोयस. तुझ्याइतके कुणाला माहीत?"

मी घेतले. थकलेला, वळलेला, बारीक. समोर उभं राहून एकही कापू दिला नाही. नाटकाचा तो भाग लागला आणि कौतुकाचा पाऊस पडला. अंगावर काटा आला, अशी पत्रं आली. दिग्दर्शक तर मुलाखतीत 'श्वासाचं सौंदर्यशास्त्र' वगैरे बोलला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी ते मोठ्याने वाचून ताईसमोर यथेच्छ हसलो. कान असलेला माणूस या सगळ्या कळपात एकटा मी, हे मला पुरतं पटलं होतं.

एका दुपारी ताईने भाग ऐकला, डोळे मिटून, शेवटपर्यंत.

"छान केलंस," ती म्हणाली. "पण चौथा कुठे गेला?"

"तीनच ठरले होते, ताई."

"ठरले होते. पण मुलगा बोलतच राहिला ना रे. म्हटलं, अजून एक घेऊन बघावा, वळेल कदाचित. अगदी हळू घेतला होता." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला नाही ऐकू आला?"

तिसऱ्यानंतर मी खुर्ची दाबली होती. ठरल्याप्रमाणे, अगदी वेळेवर.

"पुन्हा करू," मी म्हणालो.

"आता नाही जमायचं," ती म्हणाली आणि नळी सारखी केली.

आता ती आडवी झाली की मी तिच्या दाराशी जाऊन श्वास मोजतो. उभ्यानेच मोजतो. बसलो तर खुर्ची करकरते.