सासूबाईंच्या नाकावरची भेग

या हो, असे पुढे सरकून बसा. दाराशी का अवघडलात? तुम्हीही या. एका बहिणीच्या घराची गोष्ट सांगतो. मधे जरा जीव टांगणीला लागेल, पण शेवटी सगळं ठीक आहे, ते आधीच सांगून टाकतो.

तिचं घर डोंगराच्या पायथ्याशी. वर कड्याला एक भेग. इंजिनिअरसाहेबांनी बजावलं होतं, "भेग काळ्या खडकाच्या खाली उतरली, तर पायथ्याची घरं रिकामी करायची." आता ही भेग दिसावी कधी? भर दुपारी कडा कसा गुळगुळीत! पण हिवाळ्यात सूर्य उगवता उगवता ऊन आडवं पडतं आणि डोंगराची सुरकुती न सुरकुती उठून दिसते. देवाने तो उजेडच असा दिलाय, की त्यात काही लपत नाही. म्हणून तिचा धाकटा भाऊ, धंद्याने फोटोग्राफर, दर हिवाळ्यात समोरच्या टेकडीवर एकाच जागी उभा राहून कड्याचा फोटो काढायचा.

यंदा तो फोटो घेऊन आला, तो चेहरा पाडूनच.

"ताई, उतरली गं."

खडकाच्या खाली काळी रेघ स्पष्ट दिसत होती. ताईने पलंगाखालची ट्रंक ओढली आणि पोरांचे स्वेटर भरायला लागली. रडली असती तर बरं, असं भावाला वाटलं.

तिच्या सासूबाई मात्र खुर्चीतून हलल्या नाहीत.

"माझा फोटो कुठाय? उरलेल्या रिळावर काढला होतास ना, पायरीवर बसवून?"

"मावशी, ही काय वेळ आहे?"

"मग कधी? डोंगर अंगावर आल्यावर? आण इकडे!"

त्याने पाकिटातून काढून दिला. सासूबाईंनी तो हातभर लांब धरला.

"अरे मेल्या, माझ्या नाकावरही भेग पाडलीस की!"

"सुरकुती असेल, मावशी."

"माझ्या सुरकुत्या मला पाठ आहेत. ही माझी नव्हे!"

भावाने दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. तीच रेघ, तसंच वळलेलं टोक, फोटोत त्याच जागी. त्याने घाईघाईने कॅमेरा उघडला. आत, जिथून फिल्मवर उजेड पडतो त्या चौकटीच्या काठाला लोकरीचा एक तंतू चिकटलेला. थंडीत कॅमेरा गारठू नये म्हणून भाऊ तो मफलरमध्ये गुंडाळून न्यायचा, आणि रीळही त्या मफलरवरच बदललं होतं. मफलर ताईनेच विणलेला.

"म्हणजे डोंगर मी फोडला होय?" ताई मटकन ट्रंकेवर बसली. हसू आणि रडू एकदमच आलं तिला.

"थांब ताई, नवा फोटो येऊ दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे तीही टेकडीवर गेली. आधी शिखर केशरी झालं, मग उजेड हळूहळू कड्यावरून खाली उतरला. भाऊ डोळा लावून उभा. तिचे ओठ नामात. संध्याकाळी फोटो धुऊन हातात आला. भेग खडकाच्या वरच, गेल्या वर्षी होती तिथे!

ट्रंक तशीच राहिली. ताई बूट घालून आधी, कालच्या बातमीने धास्तावलेल्या शेजारच्या घरांत धावली. "झोपा आता निवांत!" असं दारोदार सांगत सुटली.

मंडळी, उद्या सकाळी तुमच्या खिडकीत ऊन आलं आणि तुम्ही हात जोडलेत, की त्या ताईलाही आठवा. डोंगर अजून तिच्या माथ्यावरच आहे.